पाळीव सापाची अडलेली कात : कारणे, उपाय आणि साहाय्याच्या मर्यादा

बीजसंज्ञा : कात, बाह्यत्वचा, सापेक्ष आर्द्रता, नेत्रकवच, बॉल पायथन, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम

प्रस्तावना

मराठीत ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार नवेपणाचा व पुनरुज्जीवनाचा वाचक आहे. संस्था कात टाकते, शहर कात टाकते, क्वचित एखादा लेखकही कात टाकतो. या लाक्षणिक वापरामुळे मूळ जीवशास्त्रीय घटनेकडे आपण सहज, सुखद आणि आपोआप घडणारी गोष्ट म्हणून पाहू लागलो आहोत. प्रत्यक्षात हा काळ सापाच्या दृष्टीने नाजूक असतो. त्याची नजर अंधुक होते, भूक मंदावते आणि शरीरातील पाण्याचा साठा पणाला लागतो. निसर्गात ही क्रिया बहुधा निर्विघ्नपणे पार पडते. माणसाने उभारलेल्या काचपेटीत मात्र ती वारंवार अडते. अडलेल्या कातेमुळे सापाचा डोळा जाऊ शकतो, शेपटीचे टोक वाळून गळू शकते. त्याहून चिंतेची बाब अशी की, डोळ्याला होणारी गंभीर इजा पुष्कळदा कातेमुळे होत नाही. ती कात सोडवू पाहणाऱ्या हातांमुळे होते.

साप पाळण्याचा छंद प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन व युरोपातील अन्य देशांत रुजलेला आहे. तेथे सर्वाधिक पाळले जाणारे साप म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यत्वे या दोन सापांच्या अनुषंगाने केले आहे. आपल्याकडे नाग, घोणस, धामण, अजगर आदी भारतीय साप पाळणे कायद्याने निषिद्ध आहे. तरीही प्राणिशास्त्राच्या अध्यापकाचा या विषयाशी संबंध येतोच. एक तर परदेशी साप भारतातील घरांतही आले आहेत. दुसरे असे की, अर्धवट कात टाकलेला साप घेऊन एखादा सर्पमित्र किंवा विद्यार्थी विभागाच्या दाराशी उभा राहतो आणि ‘सर, हा आंधळा झाला आहे का?’ असे विचारतो.

कात कशी तयार होते

सस्तन प्राण्यांची बाह्यत्वचा अखंड झिजत आणि भरून निघत असते. सापामध्ये हे नवीकरण टप्प्याटप्प्याने आणि सर्व शरीरावर एकाच वेळी घडते. सरडे-पालींची जुनी त्वचा साधारणतः तुकड्यांनी सुटते. निरोगी सापाची कात तुंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सलग निघते. तुकड्यांनी निघालेली कात ही पालीच्या बाबतीत नित्याची बाब असली तरी सापाच्या बाबतीत ती काहीतरी बिनसल्याची खूण ठरते.

पॉल मॅडरसन यांनी १९६० च्या दशकात या चक्राच्या सहा अवस्था वर्णिल्या. आजही अभ्यासक त्यांचाच आधार घेतात. पहिली विश्रामावस्था. ती कित्येक आठवडे किंवा महिने टिकते. त्यानंतर जुन्या बाह्यत्वचेच्या खाली तिचीच एक संपूर्ण नवी प्रत घडू लागते. या काळात साप अक्षरशः दोन त्वचा अंगावर वागवीत असतो. नवी प्रत परिपक्व झाली की दोहोंच्या सीमेवर विलगीकरण सुरू होते. तेथे द्रव झिरपतो, विकरांची क्रिया घडते आणि जुना थर सुटा होतो. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या द्रवात आहे. तो सापाच्या शरीरातूनच यावा लागतो. शरीरात पाणी कमी असेल किंवा भोवतालची कोरडी हवा ते वेगाने शोषून घेत असेल, तर दोन थर नीट विलग होत नाहीत आणि जुना थर नव्यावर चिकटून वाळतो.

बाहेरून हा बदल सहज ओळखता येतो. रंग मळकट होतो, नक्षी फिकी पडते, बॉल पायथनचे पोट गुलाबीसर दिसू लागते. त्यानंतर डोळे दुधाळ निळसर होतात. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात. पापण्या एकत्र जुळून तयार झालेले एक पारदर्शक कवच डोळ्यावर कायमचे बसलेले असते. त्याला येथे ‘नेत्रकवच’ म्हटले आहे. ते त्वचेचाच भाग असल्याने त्याचाही बाह्य थर प्रत्येक वेळी कातेबरोबर निघतो. म्हणूनच कात टाकण्यापूर्वी डोळा धूसर होतो. अॅरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात हे निरीक्षण नोंदविले असून, अनभिज्ञ माणसाला साप आंधळा होत आहे असे वाटते, असेही तेथे म्हटले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही आपल्या खेड्यापाड्यांतून तोच समज ऐकू येतो, ही गमतीची गोष्ट आहे.

धूसर डोळ्यांची ही अवस्था काही दिवस टिकते. साप लपून राहतो, बहुधा अन्न नाकारतो. दिसत नसल्यामुळे तो अकस्मात झालेल्या स्पर्शाने दचकून चावाही घेतो. एरवी शांत असलेल्या सापाचा हा चिडखोरपणा स्वभावदोष नव्हे. त्यानंतर डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवख्या पालकाची फसगत येथेच होते. कात टाकून झाली, किंवा बेत रहित झाला, असे त्याला वाटते. वस्तुतः डोळे निवळल्यानंतर साधारणतः तीन ते पाच दिवसांनी, कधी त्याहून थोड्या उशिराने, खरी कात निघते. एकूण काळ सुमारे दोन आठवड्यांचा. वाढत्या वयाची पिले चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतात. प्रौढ साप वर्षातून मोजक्या वेळा.

प्रत्यक्ष कात टाकताना साप तुंड एखाद्या खरखरीत पृष्ठभागावर घासतो. ओठांच्या कडेशी जुना थर फाटतो आणि साप त्यातून पुढे सरकत जातो. पायातून मोजा उलटा होत निघावा तशी कात मागे राहते. निघताना खवल्यांमधील घड्या ताणल्या जात असल्याने ती सापाच्या लांबीपेक्षा चांगलीच लांब भरते. शेतात दहा फुटी कात सापडली म्हणून दहा फुटी सापाची कथा रचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

सापाच्या त्वचेतील स्निग्ध पदार्थांचा थर शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही. कॅलिफोर्नियातील किंग स्नेकच्या नवजात पिलांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिली कात टाकल्यानंतर त्वचेचा जलरोध जवळपास दुप्पट झाल्याचे आढळले. म्हणजे कात टाकणे ही केवळ वाढत्या शरीराला जुने कापड अपुरे पडते म्हणून घडणारी गोष्ट नाही. पाणी राखण्याच्या व्यवस्थेशीही तिचा निकट संबंध आहे. पाण्यासाठी असलेली व्यवस्था पाण्याअभावीच अडावी, हा त्यातील विरोधाभास.

कात का अडते

पशुवैद्यकात या विकृतीला ‘डिसएक्डायसिस’ म्हणतात. ती स्वतंत्र व्याधी नसून लक्षण आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. ताप आला की केवळ अंगावर गार पाण्याची पट्टी ठेवून थांबणे जसे अपुरे, तसेच केवळ चिकटलेली कात काढून समाधान मानणेही अपुरे होय.

सर्वांत मोठे कारण कोरडी हवा. त्याखालोखाल शरीरातील जलन्यूनता, अयोग्य तापमान, कुपोषण, जुन्या जखमांचे व्रण, त्वचेचा संसर्ग आणि परजीवी. सापाच्या अंगावर खवल्यांच्या फटींत व डोळ्यांच्या खोबणीत राहून रक्त शोषणारे ‘स्नेक माइट’ हे बारीक काळपट कीटकसदृश परजीवी (शास्त्रीय दृष्ट्या ते कोळ्यांच्या वर्गातील) कात अडण्याचे नेहमीचे कारण आहेत. पेटीत घासण्यासाठी एखादा दगड किंवा लाकूड नसणे, धूसर अवस्थेत सापाला वारंवार हाताळणे, ही आणखी कारणे. काही वेळा मात्र मूळ कारण यकृत, मूत्रपिंड अथवा अन्य अंतर्गत आजारात दडलेले असते. योग्य वातावरण असूनही लागोपाठ दोन-तीनदा कात अडल्यास तसा संशय घ्यावा.

कोरड्या हवेचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे, कारण पालकाची चूक बहुधा येथे होते आणि ती सद्हेतूने होते. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस तापमान लागते. थंड प्रदेशातील पालक त्यासाठी पेटीत दिवा किंवा तापक बसवितो. समजा, खोलीचे तापमान २० अंश व सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे. २० अंशाला संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे खोलीच्या हवेत साडेआठ ग्रॅमच्या आसपास बाष्प आहे. हीच हवा ३२ अंशापर्यंत तापविली तर तिची बाष्पधारणक्षमता सुमारे ३४ ग्रॅम होते. बाष्प तेवढेच राहिले, क्षमता दुप्पट झाली. परिणामी सापेक्ष आर्द्रता ५० वरून २५ टक्क्यांच्या घरात उतरते. पाण्याचा थेंबही न सांडता सापाची पेटी वाळवंट बनली! त्यात वरचे झाकण जाळीचे असेल तर उष्ण हवा वर निघून जाते आणि भांड्यातील पाण्याचे बाष्पही टिकत नाही. बॉल पायथनसाठी एरवी साधारण ६० टक्के आणि कात टाकण्याच्या काळात ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता असावी, अशी शिफारस केली जाते. कॉर्न स्नेक याहून कोरडे वातावरण सहन करतो.

आफ्रिकेतील गवताळ प्रदेशही काही बारमाही दमट नसतात, मग तेथे बॉल पायथनची कात का अडत नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. याचे उत्तर असे की, साप उघड्या हवेत राहत नाही. बॉल पायथन दिवसाचा मोठा काळ कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो. जमिनीखालील ही पोकळी बाहेरच्या दुपारपेक्षा पुष्कळच दमट व स्थिर असते. बृहदारण्यक उपनिषदात टाकून दिलेली कात वारुळावर पडून राहिल्याचा दृष्टान्त आहे. तो रचणाऱ्याचा हेतू अध्यात्माचा असला तरी कात आणि वारूळ यांची सांगड त्याने निसर्ग पाहूनच घातली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. काचपेटीत जे हरवते ते नेमके हे वारूळच होय.

साहाय्य : केव्हा आणि कसे

पहिला नियम असा की, डोळे धूसर असताना काहीही सोडवू नये. त्या वेळी जुना थर अजून सुटा व्हावयाचा असतो. तो ओढल्यास खालची अपरिपक्व त्वचा सोलली जाते. या काळात पालकाचे कर्तव्य एवढेच : सापाला न हाताळणे, पिण्याचे स्वच्छ पाणी ठेवणे, अन्नाचा आग्रह न धरणे आणि आर्द्रता वाढविणे.

आर्द्रता वाढविण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे पेटीत एक लहानसे कृत्रिम वारूळ ठेवणे. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्याला साप सहज आत जाईल एवढे भोक पाडावे, कडा गुळगुळीत कराव्यात आणि आत पिळून घेतलेले ओलसर स्फॅग्नम शेवाळ भरावे. शेवाळ उपलब्ध नसेल तर कागदी रुमाल चालतात, मात्र ते रोज बदलावेत. डबा पेटीच्या उबदार बाजूकडे ठेवावा. साप आपल्या गरजेप्रमाणे आत जातो, बाहेर येतो. या उपायाचे मोठेपण असे की, निर्णय सापाच्या हाती राहतो. संपूर्ण पेटी चिंब करणे हा याला पर्याय नाही. दमट हवा आणि ओली जमीन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सतत ओल्या, कोंदट तळावर पडून राहिलेल्या सापाच्या पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, त्यांत जिवाणूंचा संसर्ग होतो आणि कातेचा प्रश्न सोडविताना दुसराच, अधिक घातक प्रश्न निर्माण होतो.

कात तुकड्यांनी निघाली आणि काही भाग अंगावर राहिला, तर लगेच धावपळ करण्याचे कारण नाही. ओलसर डब्यात एक दिवस गेल्यावर पुष्कळदा उरलेले तुकडे आपोआप सुटतात. तरीही राहिल्यास कोमट पाण्याचा उपयोग करावा. हवा खेळेल अशा झाकणाच्या टबात सापाच्या शरीराच्या जाडीहून कमी खोलीचे पाणी घ्यावे. पाणी २८ ते ३० अंशांच्या दरम्यान असावे आणि ते तापमापकाने मोजलेले असावे. बोट बुडवून घेतलेला अंदाज येथे विश्वासार्ह नाही. आपल्या हाताला ‘जेमतेम कोमट’ वाटणारे पाणी बंद टबातून पळू न शकणाऱ्या सापाला अतिउष्ण ठरू शकते. वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. या वेळात सापाला एकटे सोडून अन्य कामास लागू नये. थकलेला किंवा आजारी साप उथळ पाण्यातही बुडतो.

यानंतर ओलसर, खरखरीत टॉवेल हातात सैल धरून सापाला त्यातून स्वतःच्या गतीने सरकू द्यावे. टॉवेल स्थिर, साप गतिमान. हा क्रम उलटला की साहाय्याचे रूपांतर सोलण्यात होते. तुकडे निघतील ते डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने. उलट दिशेने कधीही घासू नये. याच तत्त्वावरील दुसरी पद्धत म्हणजे ओलसर सुती अभ्र्यात सापाला अर्धा-पाऊण तास ठेवणे. तो आत वळवळताना कापडाशी घासून कात सोडवितो. अभ्रा उबदार जागी, देखरेखीखाली असावा. जो तुकडा हलक्या स्पर्शाने सुटत नाही तो त्या दिवशी सुटावयाचा नाही, असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. खोबरेल वा अन्य तेल चोळण्याचा मोह टाळावा. तेलाने वाळलेला थर ओला होत नाही, खवल्यांच्या फटींत धूळ मात्र चिकटते. बाजारात यासाठी मिळणाऱ्या फवाऱ्यांविषयीही फारसे अगत्य बाळगण्याचे कारण दिसत नाही. पाणी, ऊब आणि सवड या तीन गोष्टींनी बहुतेक सापांचे काम भागते.

डोळा

अंगावर राहिलेला कातेचा तुकडा विद्रूप दिसतो, पण तातडीचा नसतो. डोळ्यावर राहिलेल्या थराची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक वेळी निघालेली कात उलगडून डोक्याचा भाग उजेडात धरावा. दोन्ही डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारख्या दोन बारीक, गोल, पारदर्शक चकत्या दिसल्या पाहिजेत. एखादी नसेल तर ती सापाच्या डोळ्यावर राहिली असण्याची शक्यता असते. कात फाटून निघाली असेल तर चकती हरवलेली असू शकते, म्हणून प्रत्यक्ष डोळाही पाहावा. तो निस्तेज, चंदेरी झाक असलेला दिसतो, कडेला सुरकुती किंवा उचललेली किनार दिसते. मात्र नव्या नेत्रकवचावरील साधी घडी, खोबणीत लपलेले परजीवी किंवा कवचाखालील संसर्ग यांमुळेही डोळा असाच दिसू शकतो.

चिमट्याने किंवा नखाने ही चकती उचलण्याचा प्रकार सर्वथैव वर्ज्य मानावा. कारण शरीररचनेत आहे. जुन्या चकतीखाली जिवंत नेत्रकवच असते. त्याखाली अश्रुद्रवाने भरलेली अत्यंत अरुंद पोकळी. आणि तिच्या खाली डोळ्याचे पारपटल. चिमट्याच्या टोकाला जुना थर आणि जिवंत कवच यांतील भेद कळत नाही. जिवंत कवच फाटले की अश्रुद्रव निघून जातो, पारपटल उघडे पडून कोरडे होते, संसर्ग होतो आणि डोळा गमवावा लागतो. चकती राहिलेली नसतानाच ती आहे असे समजून नेत्रकवच ओढले जाण्याचा धोका तर अधिकच.

एकदा राहिलेली चकती पुढील कातेबरोबर बहुधा निघून जाते. म्हणून आर्द्रता सुधारून पुढील कातेची वाट पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग. दरम्यान पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डोळा ओलसर ठेवणारे वंगणकारी थेंब वापरता येतात. दोन-तीन कातांचे थर एकावर एक साचले असतील, डोळा फुगला असेल किंवा कवचाखाली पांढुरके दिसत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडेच जावे. ‘थांबणे’ हा उपचार आहे, हे विद्यार्थ्यांना पटविणे कठीण जाते. त्यांना हाताने काहीतरी करून दाखवावयाचे असते.

शेपटी

शेपटीच्या टोकाची समस्या याच्या नेमकी उलट आहे; तेथे थांबणे घातक. टोकाशी राहिलेला थर वाळताना आकसतो आणि बांगडीसारखा आवळत जातो. पुढच्या वेळी त्यावर आणखी एक थर चढतो. रक्तप्रवाह खुंटून टोक काळे पडते, वाळते आणि गळते. संसर्ग वर सरकल्यास शस्त्रक्रियेने शेपटीचा भाग काढावा लागतो. त्यामुळे शेपटीचे टोक प्रत्येक कातेनंतर बोटांनी चाचपून पाहावे. थर आढळल्यास शेपटीचे टोक कोमट पाण्यात भिजवून, ओलसर कापडाने टोकाकडे हळुवार सरकवून तो त्याच आठवड्यात काढावा. टोक आधीच काळे किंवा कडक झाले असेल तर घरगुती प्रयत्न थांबवून पशुवैद्यक गाठावा.

भारतीय संदर्भ

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीने ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आणल्या. बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने, तो बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे आवश्यक ठरते. कॉर्न स्नेक या परिशिष्टांत नाही. परंतु नोंदणी हा कागदोपत्री भाग झाला. मराठवाडा, विदर्भ किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांखाली जाणे नवलाचे नाही. त्यात वातानुकूलन यंत्र हवा आणखी कोरडी करते. पश्चिम आफ्रिकेतील वारुळात वाढलेला साप सोलापूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात सदनिकेत ठेवावयाचा, तर आर्द्रतामापक ही चैनीची वस्तू राहत नाही. कोकण व गोव्यातील पावसाळ्यात अडचण वेगळी : तेथे कात सहसा अडणार नाही, पण पेटीतील कोंदट ओल खवल्यांना बाधेल.

वन्य सापांविषयीची भूमिका मात्र सर्वस्वी भिन्न असावयास हवी. घरात शिरलेला, मळकट रंगाचा, दुधाळ डोळ्यांचा साप आजारी किंवा आंधळा नसतो. तो कात टाकण्याच्या तयारीत, गारवा व ओल शोधत आलेला असू शकतो. न्हाणीघर, रांजणाखालची जागा, विटांचा ढीग येथे असे साप आढळण्यामागे हे एक कारण असू शकते. त्याला ‘बरा होईपर्यंत’ बरणीत किंवा पोत्यात ठेवून घेणे हे कायद्याच्या दृष्टीने गैर आहे आणि सापाच्या दृष्टीने अपायकारक. कोरड्या बरणीत तीन दिवस राहिल्याने जी कात एरवी सलग निघाली असती तीच अडते. अशा सापाची माहिती वन विभागास देऊन, पकडला त्याच परिसरातील ओलसर, आडोशाच्या जागी शक्य तितक्या लवकर त्याची मुक्तता होणे इष्ट.

साप विषारी असेल तर वर वर्णिलेली कोणतीही कृती महाविद्यालयात करून पाहू नये. धूसर डोळ्यांचा नाग दंश करण्यास असमर्थ असतो हा समज चुकीचा आहे. त्याचे विष आणि दात कातेबरोबर क्षीण होत नाहीत. प्रयोगशाळेच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या घोळक्यात घोणशीच्या अंगावरील कात ओढून दाखविण्याइतके निरर्थक प्रात्यक्षिक दुसरे नसेल. शरीरावर जुन्या कातेचे अनेक थर साचलेला, परजीवींनी ग्रासलेला किंवा जखमी असा वन्य साप असेल, तर त्याची जागा महाविद्यालयात नसून वन विभागाच्या मान्यतेने चालणाऱ्या उपचार केंद्रात आहे. तेथे नेईपर्यंत त्याला हवेशीर सुती पिशवीत, अंधारात व गारव्यात ठेवावे. पिशवीची एक बाजू किंचित ओलसर केली तरी पुरे.